चादर, डबा आणि पाव इंची बोल्ट

रविवारी ऊन कलायला लागलं की खडकवासल्याच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. सिंहगड रस्त्याच्या कडेला गाड्या लागलेल्या, कणसांच्या शेगड्यांचा धूर, भज्यांच्या कढया, आणि पलीकडे धरणाचं पाणी. या गर्दीत लग्न ठरलेली एक जोडी फोटोसाठी उभी होती. छायाचित्रकार पाण्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसलेला, आणि त्याच्या मदतनिसाच्या हातात एक चंदेरी तबकडी. तिच्यावरून वळलेलं ऊन मुलीच्या चेहऱ्यावर पडत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर ती गाडीच्या पुढच्या काचेला लावायची सनशेड होती.

"ताई, दुकानातला रिफ्लेक्टर मागच्या पावसात फाटला," मदतनीस म्हणाला. "हे गाडीतच होतं. तार बघा, तशीच आहे." त्यानं ती शेड पिळून आठाच्या आकारात घडी घातली आणि झटक्यात उघडून दाखवली. खरोखरच तीच पोलादी स्प्रिंगची तार आणि तोच चंदेरी मुलामा.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता घरातल्या वस्तूंच्या दुसऱ्या आयुष्याचा. मी त्यातला छायाचित्रणाचा धागा धरला, कारण कॅमेऱ्याच्या दुकानातले आकडे ऐकून परत फिरलेली मुलं मला ठाऊक आहेत. फोन बहुतेकांच्या हातात आला. पण स्टँड, दिवे, छत्र्या, पेट्या यांच्या किमती विचारल्या की हा आपला प्रांत नव्हे असं त्यांना वाटू लागतं. हे वाटणं चुकीचं आहे आणि ते घालवता येतं, असं माझं ठाम मत आहे. यातलं प्रत्येक साधन एखादं साधं भौतिक काम करतं. उजेड वळवणं, उजेड पसरवणं, कॅमेरा स्थिर धरणं, नको तिथला उजेड किंवा दमट हवा बाहेर ठेवणं. ते काम नीट ओळखलं की ते करणारी वस्तू बहुधा घरातच सापडते.

चौपाटीवर थोडा वेळ थांबलं तरी हे डोळ्यांना दिसतं. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्यांचे चेहरे फोटोत निळसर येतात. पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली तेच चेहरे उजळ आणि नितळ दिसतात. ताडपत्रीही उजेड गाळते, फक्त स्वतःचा रंग त्यात मिसळते. फोटो काढताना "जरा बाहेर ये गं" म्हणणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलेलं नाही, ते त्यांना पाहून पाहून कळलेलं आहे.

सरस्वतीबाईंची चादर

आपल्याकडच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांचा आरंभच घरातल्या वस्तूंनी झाला. दादासाहेब फाळक्यांना सिनेमानं झपाटलं तेव्हा त्यांनी एक लहानसा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून नेऊन ते रात्री भिंतीवर चित्रं पाडून पाहत. पुढे १९१२ मध्ये ते विलायतेला जाऊन आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि कोडॅकची कच्ची फिल्म मागवली. पण ती फिल्म कडेला भोकं न पाडलेली यायची. भोकं घरी, अंधारात, हातानं चालवायच्या यंत्रावर पाडावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. रसायनं मिसळायला त्या शिकल्या, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, आणि चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन् तास उभ्या राहिल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्या पडद्यावरच्या चेहऱ्यांवर या चादरींचा उजेड होता.

चादर काय करते, हे खडकवासल्याच्या उन्हातच पाहावं. दुपारी दोनला माणूस उघड्यावर उभा केला की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात. खालून किंवा बाजूनं पांढरं कापड धरलं की त्या सावल्या भरून निघतात. चंदेरी पृष्ठभाग उजेड आरशासारखा एका दिशेनं फेकतो, म्हणून तो तेज असतो आणि समोरचा डोळे बारीक करतो. पांढरं सुती कापड तोच उजेड सगळीकडे विखुरतं, म्हणून तो मऊ येतो. चौपाटीवरच्या त्या मुलीचेही डोळे चंदेरी शेडमुळे मिटत होते. छायाचित्रकारानं शेड उलटी धरायला सांगितली, मागची बाजू फिकी होती, आणि चेहरा लगेच सैलावला.

कापड किती मोठं आणि किती जवळ, यावर सगळं ठरतं. उजेडाचा उगम माणसाच्या मानानं मोठा असेल तर सावलीच्या कडा विरघळतात. आणि छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून हातभर अंतरावर धरलेली डबल बेडची जुनी चादर जे करते, ते दहा फुटांवरच्या महागड्या दिव्याला साधत नाही. चादरीचा रंग मात्र पाहून घ्यावा. नीळ घातलेल्या कापडाचा उजेड थंड येतो, साय-रंगाच्या कापडाचा ऊबदार. लाल भिंतीशेजारी उभं राहिलं तर गालही लाल होतो.

हाच विचार पुढे एका मोठ्या छायालेखकानं वेगळ्या कारणानं केला. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी बनारसमधल्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. वरून येणारा आभाळाचा मवाळ उजेड स्टुडिओच्या दिव्यांतून कसा आणायचा? सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारले. १९५६ मधली ही युक्ती पुढे जगभरच्या सेटवर रुळली. आपल्याकडे चित्रीकरणाच्या गाडीतून उतरणाऱ्या सामानात आजही थर्माकोलचे पांढरे पत्रे असतात, त्यांची कुळकथा हीच.

चकलीचे काटे

धायरी, किरकिटवाडी, नांदेड फाटा या पट्ट्यात दिवाळीच्या आधी घरोघरी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या जातात. ऑर्डर येते ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या फोटोवरून. एका घरी मी सकाळी गेले तेव्हा ओट्यावर तळण चालू होतं आणि जेवणाच्या टेबलावर, खिडकीला लागून, फोटोची जागा मांडलेली होती. खिडकीच्या गजांना चिकटपट्टीनं लावलेला बटर पेपर. त्यासमोर काळ्या कार्डशीटवर पितळी ताट. ताटाच्या दुसऱ्या बाजूला शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्याला गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, चमचाभर उजेड परत फेकण्यापुरती.

त्या काकूंनी दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. पहिला फोनचा फ्लॅश लावून काढलेला. त्यात चकली सपाट तपकिरी वेटोळं दिसत होती, तेलाचे पांढरे ठिपके चमकत होते. दुसरा खिडकीचा. त्यात चकलीचा एकेक काटा उठून दिसत होता. फ्लॅश भिंगाला लागूनच असतो, त्यामुळे त्याची सावली वस्तूच्या मागे लपते आणि पोत नाहीसा होतो. बाजूनं येणारा उजेड प्रत्येक काट्याची इवली सावली पाडतो, आणि खुसखुशीतपणा दिसतो तो त्या सावल्यांमुळे. लाडवाला हेच चालतं. शंकरपाळ्यांना तर हवंच. बेसनाच्या वड्यांना मात्र उजेड थोडा मागून द्यायचा, म्हणजे कडा सोनेरी होतात, असं त्यांचं निरीक्षण. मला ते पटलं.

रात्री ऑर्डर आली तर काय? त्यांनी कोपऱ्यातला मागच्या वर्षीचा आकाशकंदील दाखवला. साध्या पांढऱ्या कागदाचा, झिरमिळ्या काढून टाकलेला. आत एलईडीचा बल्ब. कंदील ताटापासून वीतभर अंतरावर टांगला की तो लहानशी खिडकी होतो. सिनेमाच्या सेटवर कागदाचे गोल कंदील याच कामासाठी वापरतात, त्यांना तिथे चायना बॉल म्हणतात. दिवाळीत आपल्या प्रत्येक गॅलरीत ही वस्तू टांगलेली असते, आणि फोटो काढताना आपण मात्र फोनचा फ्लॅश चालू करतो. कंदिलात बल्ब एलईडीचाच असावा. जुना तापणारा दिवा कागदाला धोकादायक. आणि फोटो काढताना घरातली पिवळी ट्यूब बंद करावी, नाहीतर ताटाची एक बाजू निळी आणि एक पिवळी येते, मग फोनला कुठला रंग खरा मानावा ते कळत नाही.

वीस आट्यांचा हिशेब

कॅमेऱ्याच्या बुडाला एक भोक असतं. जगातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना ते सारखंच असतं: पाव इंच व्यास, इंचाला वीस आटे. हे माप इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये स्क्रूंना शिस्त लावली त्या परंपरेतलं आहे. आज अमेरिकन माप चालतं, पण आटे वीसच. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन "पाव इंची, वीस आट्यांचा बोल्ट" म्हटलं की दुकानदार दुसरा प्रश्न विचारत नाही. मात्र नुसता सहा एमएमचा बोल्ट घेऊ नये. तो दिसायला तसाच, पण जरा बारीक आणि आटे वेगळे. दोन फेरे बसतो आणि कॅमेऱ्याचे आटे खाऊन टाकतो. बोल्ट आत पाच-सहा मिलिमीटरच जावा, म्हणून मध्ये एक नट आणि वॉशर अडवून ठेवायचा.

या बोल्टला सुतळी बांधायची, सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून धरायचा. ताणलेली दोरी हाताची वरखाली थरथर खाते. संध्याकाळी उजेड उतरल्यावर, शटर मंद झाल्यावर, याचा फरक पडतो. तिपाईची बरोबरी ही दोरी करत नाही, मिनिटभराचा फोटो तिच्यावर निघणार नाही. पण खिशात मावते, आणि गर्दीत कुणाच्या पायात येत नाही. बोल्टच लाकडी ठोकळ्यात बसवला तर टेबलावरचा स्टँड, सी-क्लॅम्पला बसवला तर गच्चीच्या कठड्यावर कॅमेरा. फोनला असं भोक नसतं. त्यासाठी ऑफिसातल्या दोन मोठ्या बाइंडर क्लिपा पुरतात, एकीत फोन धरायचा, दुसरी पायासारखी टेकवायची.

धरणाच्या मागच्या अंगाला, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यात, हिवाळ्यात पक्षी पाहणारे पहाटेच येतात. शेकाट्या, वंचक, पाणकावळे, धोबी, नशीब असेल तर चक्रवाकाची जोडी. तिथल्या गाड्यांच्या खिडक्यांवर मला जुन्या जीन्सच्या पायाच्या पिशव्या दिसल्या. एक टोक शिवलेलं, आत ज्वारी किंवा तांदूळ, दुसऱ्या टोकाला चेन. लांब भिंग या पिशवीत रुतून बसतं. दाणे सरकून भिंगाच्या आकाराचे होतात आणि थरथर जिरवतात. गाडीच्या आतून फोटो काढला की पक्षी माणसाइतके बुजत नाहीत, हा दुसरा फायदा. प्रवासाला जाताना पिशवी रिकामी न्यायची आणि मुक्कामी किराणा दुकानातून किलोभर धान्य भरायचं. पावसाळ्यात त्यात टोके होतात, म्हणून जूनच्या आधी ती रिकामी करून उन्हात वाळवावी लागते.

स्थिरतेचं मोल फाळक्यांनाही ठाऊक होतं. 'राजा हरिश्चंद्र'ला भांडवल मिळावं म्हणून त्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप चित्रित केलं, 'अंकुराची वाढ'. महिन्याहून जास्त काळ, रोज एक चौकट. कॅमेरा आणि कुंडी जागची हलली असती तर अंकुर पडद्यावर नाचला असता. आज फोनमध्ये हे काम एका बटणावर होतं, पण फोन हलू नये ही अट तशीच राहिली आहे.

समोरचा गड आणि कोल्हापूरचा कॅमेरा

चौपाटीवरून पाण्याकडे तोंड केलं की डाव्या अंगाला सिंहगड दिसतो, वर दूरदर्शनचा मनोरा. हरि नारायण आपट्यांनी या गडावर कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट केला. रात्रीच्या चढाईसाठी त्यांनी दिव्यांचा उजेड वापरला. भारतीय चित्रपटातला कृत्रिम प्रकाशाचा तो पहिला वापर मानला जातो.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा कॅमेरा. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे कोल्हापूरचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी सिनेमाचं जुनं यंत्र मिळवलं, खोलून पाहिलं, आणि चित्र दाखवणाऱ्या यंत्रात आणि चित्र घेणाऱ्या यंत्रात फिल्म पुढे सरकवण्याची, क्षणभर थांबवण्याची आणि पुन्हा सरकवण्याची क्रिया एकच आहे हे ओळखलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन काम चालू ठेवलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' निघाला, १९२० मध्ये. हेच दामले पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांत होते, आणि १९३३ पासून पुण्यात असलेल्या प्रभातच्या जागेवरच आजची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. पुण्याच्या सिनेमा शिक्षणाच्या मुळाशी एक खोलून पाहिलेलं यंत्र आहे, हे तिथे शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवं.

डब्यातला अंधार

कॅमेरा खोलत नेला की शेवटी उरते ती अंधारी पेटी आणि एक भोक. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं मुलांना काडेपेटी, बाटल्यांची झाकणं, सायकलच्या ट्यूबा यांतून विज्ञान शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊतून पेटी करून तिच्या एका बाजूला टाचणीचं भोक आणि दुसऱ्या बाजूला तेलकट कागद लावला की समोरचं झाड त्या कागदावर उलटं उभं राहतं. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा कुठल्याही भिंगाच्या जाहिरातीपेक्षा जास्त सांगतो.

यातून खरा फोटोही निघतो. हातभराहून लहान, साधारण दहा सेंटिमीटर खोल पत्र्याचा डबा घ्यायचा, आतून काळा रंगवायचा. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून त्याला सुईनं अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी भोक पाडायचं आणि कडा बारीक पॉलिश पेपरनं घासायच्या, कारण भोकाची कड ओबडधोबड असेल तर चित्र धूसर येतं. भोक मोठं केलं तर चित्र पसरतं. खूप लहान केलं तरीही पसरतं, कारण उजेड लहान भोकातून जाताना वाकतो. डब्याच्या खोलीप्रमाणे मधलं एक माप असतं, आणि दहा सेंटिमीटरला ते असं येतं. आत, लाल दिव्याच्या उजेडात, छायाचित्रणाच्या कागदाचा तुकडा बसवायचा. भोकावर इन्सुलेशन टेप. भर उन्हात टेप साधारण मिनिटभर काढली की पुरे. एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल दिवस म्हणून पाळतात, २००१ पासून.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत रेजिना व्हॅल्केनबर्ग या विद्यार्थिनीनं २०१२ मध्ये बिअरच्या कॅनचा असा कॅमेरा दुर्बिणीला चिकटवला आणि तो तिथेच राहून गेला. २०२० मध्ये काढला तेव्हा आठ वर्षांतल्या सूर्याच्या जवळपास तीन हजार वाटा एकाच कागदावर उमटलेल्या होत्या. मी तेव्हापासून विचार करते आहे की खडकवासल्याच्या एखाद्या गच्चीवर असा डबा वर्षभर ठेवला तर काय उमटेल. आपण साडेअठरा अंश उत्तरेला. मेच्या मध्यावर सूर्य पुण्याच्या डोक्यावरून जातो, त्या दिवशी दुपारी सावली नाहीशी होते. मग तो आणखी उत्तरेला सरकतो आणि जुलैअखेर परततो. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणजे कागदावर वरच्या टोकाला रेषा तुटक येतील, कुठे पूर्ण रिकाम्या जागा पडतील. तो पावसाळा असेल, सूर्याच्या गैरहजेरीनं लिहिलेला. डबा आपल्याच गच्चीवर लावावा, हे मात्र आवर्जून सांगते. या परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, धरण आहे, छायाचित्रणाला मनाई करणारे फलक आहेत. खांबाला बांधलेला अनोळखी डबा कुणाला घाबरवेल, आणि ती भीती रास्तच असेल.

बुरशी

पाण्याजवळ राहणाऱ्यांच्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू जुलै-ऑगस्टमधली हवा आहे. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागले की ती बुरशी असते. ती वाढली तर काचेवरचा लेपही खाते, आणि मग साफ करूनही उपयोग नाही. याला विजेवर चालणारी कपाटं मिळतात. ज्यांना ती परवडत नाहीत त्यांनी स्वयंपाकघरात पाहावं. रबरी कडेचा, चार बाजूंनी खटके असलेला घट्ट झाकणाचा डबा, तळाशी सिलिका जेल, आणि आत एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा साठच्या खाली राहिला की बुरशीला जोर धरता येत नाही. चाळीसच्याही खाली नेऊ नये, रबरी भाग सुकतात. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर जाड तव्यात परतून घ्यायचं, पाणी उडून जातं आणि ते पुन्हा कामाला येतं. निळे दाणे असतील तर तो तवा स्वयंपाकाला वापरू नये, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात कॅमेरा पुरण्याची पद्धत मला मान्य नाही. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पिठी भिंगाच्या फटीत बसते.

आणखी एका ठिकाणी घरगुती युक्ती अजिबात चालवू नये: ग्रहणात थेट सूर्याकडे पाहताना. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतून सूर्य मंद दिसतो, पण न दिसणारे किरण आत येतात आणि डोळ्याचा पडदा भाजतो. तो भाजताना दुखतही नाही. कॅमेऱ्याच्या भिंगापुढेही प्रमाणित सौर फिल्टरच हवा. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

२ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये खग्रास, आपल्याकडून दुपारनंतर खंडग्रास. ऑगस्ट असल्यानं खडकवासल्यावर ढग असणारच, पण ढग फाटतातही. तेवढ्यासाठी चपलांचा एक लांब खोका जपून ठेवावा. एका टोकाला फॉइल आणि तिला टाचणीचं भोक, दुसऱ्या टोकाला आत पांढरा कागद, बाजूला डोकावायला फट. सूर्याकडे पाठ करून, भोक त्याच्या दिशेला धरून उभं राहायचं आणि फटीतून कागदावरचा, कडेनं कातरलेला इवलासा सूर्य पाहायचा. फोन त्या फटीला लावला तर त्याचा फोटोही येतो. खोका जितका लांब, सूर्य तितका मोठा.